सवाल तुमचे, जवाब आमचा : गेम जुना घ्यावा का नवा कोरा?

कापसाचा पहिला चुकारा हाती पडला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलते. आधी सगळे मोबाइल कोणता घ्यावा हे विचारायचे, आता घरोघरी पोट्ट्यांना गेम पाहिजे, अन् बापाला तो परवडला पाहिजे. सारखे सवाल एकत्र केले, नावं गाळली, भाषा ज्याची त्याची ठेवली.

सवाल : नमस्कार भाऊ. मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार. सोयाबीन इकून पोराले जुना पीएस४ (टीव्हीले लावून खेळाचं सोनीचं गेमचं मशीन) घेऊन देला, त्याच्यासंग एक फुटबॉलचा गेम भेटला होता, तो आता त्याले बोर झाला. आता नवा पायजे म्हणते. मोबाइलवर पायलं तं एकेका गेमची किंमत तीन-चार हजार, तेवढ्यात माह्या कपाशीच्या चार बॅगा येतात. जुना अर्ध्या किमतीत भेटते म्हणतात पण त्यात खोट असली तं? मले यातलं काहीच समजत नाही, नीट समजून सांगा.

जवाब : भाऊ, पहिले ही भीती काढून टाका की जुना गेम म्हणजे झिजलेला माल. गेम खेळून झिजत नाही. डिस्क नीट वाचल्या गेली तर दहा जणांनी संपवलेला गेम अन् आत्ता पन्नी फाडलेला गेम यात खेळणाऱ्याला काडीचा फरक नाही.

पैशाचा हिशोब आधी करू कारण लोक तिथंच चुकतात. घेताना दिले तेवढे पैसे म्हणजे गेमची किंमत नाही, त्यातून विकताना जे परत आले ते वजा करा, उरले ती किंमत. समजा जुनी डिस्क बाराशेला घेतली, पोरानं दोन महिने खेळून संपवली अन् हजाराला पुढच्याला देऊन टाकली, तर तो गेम तुम्हाला दोनशेत पडला. नवा चार हजाराचा घ्या, पन्नी फाडली की तो जुना झाला, दोन महिन्यांनी त्याचे अडीच हजार आले तरी नशीब समजा. पहिला झटका नवं घेणाऱ्याला बसते, तो हौसेनं सोसून राहिला तर सोसू द्या, तुमचं काय जाते.

आता आपल्याकडची खरी अडचण, जी पुण्या-मुंबईच्या सल्ला देणाऱ्यांच्या ध्यानातच येत नाही, ती म्हणजे नेट. खेड्यात फायबर नाही, मोबाइलचा रोजचा दीड-दोन जीबी डेटा, तोही संध्याकाळी टॉवर दिसला तर. आजकालचा मोठा गेम ५० ते १०० जीबीचा असते. रोजचे २ जीबी धरले तर १०० जीबी उतरायला ५० दिवस, अन् त्या ५० दिवसांत घरात कोणी व्हॉट्सअपही उघडायचं नाही! म्हणून आपल्यासाठी डिस्कचं मोल शहरवाल्यापेक्षा जास्त आहे, अन् म्हणूनच जुना का नवा याच्या आधी हे विचारा की या डिस्कवर अख्खा गेम आहे का. हसू नका, नसतेही. २०२२ मध्ये कॉल ऑफ ड्यूटीचा मॉडर्न वॉरफेअर २ आला, त्याच्या पीएस५ च्या डिस्कवर जेमतेम ७० एमबीच्या आसपास माल होता, बाकी सगळं नेटवरून उतरवा. असा डबा नवा घ्या का जुना, नेट नसलेल्या घरात तो फक्त डबाच.

तुमच्याकडे पीएस४ आहे हे बरं झालं, त्याचे कहाणीवाले गेम बहुतेक डिस्कवर पूर्ण आहेत. अनचार्टेड ४ (२०१६), होरायझन झीरो डॉन (२०१७), स्पायडरमॅन अन् गॉड ऑफ वॉर (दोन्ही २०१८), हे गेम भरपूर विकल्या गेले म्हणून जुन्या बाजारात मुबलक आहेत अन् मुबलक म्हणजे स्वस्त. डिस्क टाकली की गेम आधी मशीनच्या हार्डडिस्कवर चढते, ते होऊ द्यायचं, मधात लाइन गेली तर घोळ होऊ शकते, त्यामुळं इन्व्हर्टर असंल तर त्याच्यावरच लावा. चढल्यावरही खेळताना डिस्क आत पाहिजेच, नाहीतर गेम सुरू होत नाही. याचाच दुसरा अर्थ डिस्क ज्याच्या हातात गेम त्याचा, गावातल्या चार पोरांनी चार वेगळे घेतले की आपसात फिरवता येतात.

अपडेटचं पोरगं सांगंल, की बाबा हे अपडेट मागून राहिलं. नेट न जोडता खेळला तर असे गेम डिस्कवर जसे आहेत तसे चालतात, छोटेमोठे घोळ सोडले तर कहाणी पूर्ण होते. मोठं अपडेट पाहिजेच असंल तर पुढच्या वेळी अमरावतीला कोणा नातेवाइकाकडे जाल तेव्हा पीएस४ पिशवीत टाकून न्या, त्यांच्या वायफायवर रात्रभर लावून ठेवा. याच्यात लाज कसली, आमच्या ओळखीतले कितीतरी जण हेच करतात.

एक मात्र पाहा. पोराचं वय तुम्ही लिहिलं नाही. डब्यावर खालच्या कोपऱ्यात १२, १६, १८ असा आकडा असते, तो वयाचा. गॉड ऑफ वॉर १८ चा आहे, चांगला गेम आहे पण रक्त भरपूर, सातवीतल्या पोराला नका देऊ.

नवा घ्यावा कधी? जुन्याचा भाव ठरवायच्या आधी त्याच गेमचा नवा केवढ्याला मिळते ते मोबाइलवर पाहायचंच. सोनीचे गाजलेले गेम काही वर्षांनी प्लेस्टेशन हिट्स म्हणून लाल पट्टीच्या डब्यात स्वस्त येतात, अन् कधी कधी नवा डबा अन् जुनी डिस्क यांच्यात दोन-तीनशेचाच फरक राहते. तेवढ्यासाठी अनोळखी माणसाशी घासाघीस कशाला, बिलासहित नवा घ्या.

सवाल : दादा मी वरूडला बारावीत आहे. रेड डेड रिडेम्पशन २ पीएस४ साठी एक जण ७०० ला देऊन रायला, डिस्क एकदम चकाचक आहे, चालतानाचा व्हिडिओ पण पाठवला त्यानं. पण डब्यात एकच डिस्क आहे म्हणे. घेऊ का?

जवाब : नको घेऊ राजा. २०१८ च्या त्या गेमच्या पीएस४ च्या डब्यात दोन डिस्क येतात, एक डेटा डिस्क अन् एक प्ले डिस्क. डेटा डिस्कनं गेम मशीनवर चढते, प्ले डिस्क खेळताना आत ठेवायची. विकणाऱ्यानं कधीतरी दोन्ही लावून गेम चढवून घेतला असंल, मग डेटा डिस्क हरवली तरी त्याच्या मशीनवर तो मस्त चालून राहिला अन् म्हणूनच त्याचा व्हिडिओ खोटा नाही. पण तुझ्या मशीनवर चढवणार कशानं? तो माणूस लबाडच असंल असंही नाही, त्याला बिचाऱ्याला माहीतच नसंल. द लास्ट ऑफ अस पार्ट २ अन् फायनल फॅन्टसी ७ रीमेक यांचंही पीएस४ वर असंच दोन डिस्कचं काम आहे. अन् हा गेम चढवायला १०० जीबीच्या वर जागा लागते, ५०० जीबीवाला पीएस४ असंल तर आधी आतलं काय काय काढून टाकणार ते पाहून घे.

सवाल : मी चांदूर बाजारची. लेकानं मित्राजवळून जुनी डिस्क आणली ती अटकून अटकून चालते, मागं रेघा आहेत. आमच्या बाजूचे भाऊजी म्हणतात कोलगेट लावून पुसा, ते त्यांच्या पिक्चरच्या सीडीले तसंच करायचे. करू का?

जवाब : ताई, थांबा, कोलगेट दातालाच राहू द्या. भाऊजींचं खोटं नाही, सीडीच्या काळात तो उपाय कधी कधी चालायचा. सीडीत माहिती वरच्या चित्राच्या बाजूला असते अन् खालून तिच्यावर १.२ मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक असते, डीव्हीडीत ०.६ मिलिमीटर. वरवरची रेघ थोडी घासली तर प्लास्टिक सपाट होऊन मशीनला आतलं दिसायला लागते. पण पीएस३, पीएस४, पीएस५ च्या डिस्क ब्लू-रे असतात अन् त्यांच्यात माहिती खालच्या बाजूनं फक्त ०.१ मिलिमीटर आत असते. एवढ्या पातळ थराला वाचवायला वरून कडक कोटिंग दिलेलं असते, म्हणून ब्लू-रेवर साधी रेघ पटकन पडत नाही, अन् जी खोल पडली ती घासून निघत नाही. कोलगेटनं ते कोटिंगच खरवडून निघंल.

आधी एवढं करा, मऊ सुती कापड (चष्म्याचं असंल तर उत्तम) थोडं ओलं करून मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. कितीदा तरी ती रेघ नसतेच, बोटाचा तेलकट डाग असते. पुसून झाल्यावर उजेडाखाली तिरपी धरून पाहा. मधून बाहेर जाणारी बारीक रेघ मशीन बरेचदा सांभाळून घेते, पण डिस्कच्या गोलाईसोबत फिरलेली रेघ वाईट, कारण वाचणारा लेझर त्याच वाटेनं जाते अन् सलग मोठा तुकडा वाचल्याच जात नाही. जुन्या एक्सबॉक्स ३६० (मायक्रोसॉफ्टचं गेमचं मशीन) च्या डिस्कवर तर अशी एक सबंध वर्तुळाची रेघ खूपदा दिसते, मशीन चालू असताना कोणी हलवलं की ती पडते. तशी डिस्क फुकट मिळाली तरी घेऊ नये.

अन् हो, लेकाच्या बाकीच्या डिस्क चालतात का पाहा. सगळ्याच अटकत असतील तर दोष डिस्कचा नाही, मशीनच्या लेझरवर धूळ बसली असंल. जिनिंगच्या आसपास घर असंल तर रुईचे तंतू पंख्यात कसे जातात ते तुम्हाला सांगायला नको.

सवाल : मी हिंगणघाटला आयटीआय करतो. टेलिग्रामवर एक ग्रुप आहे तिथं पीएस४ चे डिजिटल गेम ३०० ते ५०० रुपयात देतात, चार हजाराचा गेम! पैसे टाकले की आयडी पासवर्ड येतो, तो टाकून गेम डाउनलोड करायचा अन् मग आपल्या आयडीवरून खेळायचा. प्रायमरी घेतला तर थोडा महाग, सेकंडरी स्वस्त. माझ्या दोन मित्रांनी घेतले, चालून रायले. हे सेकंडहँडच झालं ना?

जवाब : नाही झालं. सेकंडहँडमध्ये वस्तू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते अन् पहिल्याकडे राहत नाही. इथं तुला वस्तू मिळतच नाही, दुसऱ्याच्या खात्याची किल्ली मिळते, अन् तीच किल्ली अजून कितीजणांकडे आहे हे तुला समजायला मार्ग नाही.

हे चालते कसं ते समजून घे, म्हणजे फसते कसं तेही समजंल. सोनीच्या एका खात्यावर गेम घेतला की ते खातं एका पीएस४ वर प्रायमरी म्हणून लावता येते अन् त्या मशीनवरच्या सगळ्या आयडींना तो गेम चालते. हे घरातल्या भावाबहिणींसाठी आहे. विकणारा काय करते, एका खात्यावर गेम घेतो, एकाला प्रायमरी विकतो अन् दुसऱ्यांना सेकंडरी, जे नेट चालू ठेवून त्या खात्यातूनच खेळतात. आता मूळ ईमेल अन् बिल त्याच्याकडेच आहे, त्यामुळं पासवर्ड तो केव्हाही बदलू शकते. सगळ्या मशीनवरून खातं काढून टाकायची सोय सोनीनं सहा महिन्यांतून एकदा दिलेली आहे, ती त्यानं वापरली की तुझ्या मशीनवरच्या गेमला कुलूप, अन् तुझी ती प्रायमरी तो नव्या गिऱ्हाइकाला परत विकायला मोकळा. तक्रार कोणाकडे करशील, खातं असं विकणंच सोनीच्या नियमात बसत नाही, सापडलं तर खातंच बंद. मित्रांचे चालून राहिले म्हणतो, चालतातच काही दिवस, न चालते तर ग्रुप कसा वाढला असता.

तसं पाहिलं तर सरळमार्गानं पूर्ण पैसे भरून घेतलेला डिजिटल गेमही ठेक्यानं केलेल्या वावरासारखाच आहे, पेरा, पीक काढा, पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर, विकता येणार नाही. कॅलिफोर्नियानं २०२४ मध्ये कायदाच केला की डिजिटल माल विकणाऱ्यानं हे मालकी नाही, परवाना आहे असं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितलं पाहिजे. अन् तू तर ठेकेदाराकडून पुन्हा चोरून ठेका घेऊन राहिला.

५०० रुपये खर्चायचेच असतील तर थोडे दिवस थांबून त्यात चार-पाचशे अजून टाक अन् एक डिस्क घे. शिवाय तुझं नेट? हा गेमही डाउनलोडच करायचा आहे, ५०-६० जीबी, ते त्यांनी सांगितलं नसंल.

सवाल : पुसदहून लिहितो. माझ्याकडे गेमिंग लॅपटॉप आहे. एकाकडे जीटीए ५ चा ओरिजिनल डबा आहे पीसीचा, सात डीव्हीडी, कव्हर, नकाशा सगळं. ५०० ला देतो म्हणतो. नेट स्लो असल्यानं डीव्हीडीवरून टाकलेला बरा, असा विचार आहे.

जवाब : डबा सुंदर असंल, शोकेसमध्ये ठेवायला घ्या. २०१५ मध्ये पीसीवर आलेल्या त्या डब्यात डीव्हीडी सात होत्या हे बरोबर, पण खरा गेम आतल्या कोडमध्ये होता. कोड एकदा कोणाच्या खात्याला लागला की दुसऱ्याला लागत नाही. डीव्हीडी चढवून घ्याल अन् शेवटी तो कोड मागंल तिथं अडाल. पीसीचे जुने डबे बहुतेक असेच, पार दहा-पंधरा वर्षांपासूनचे, त्यामुळं पीसीत जुन्याचा बाजारच नाही असं समजून चाला.

त्याच्या बदल्यात पीसीवाल्याला दुसरी सोय आहे. स्टीम म्हणजे पीसीचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान, तिथं २०१५ पासून रुपयात भाव लागतात, यूपीआय चालते, अन् उन्हाळी-हिवाळी सेलमध्ये जुने गेम इतके उतरतात की सेकंडहँडची गरजच राहत नाही. घेऊन १४ दिवस झाले नसतील अन् दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परतही मिळतात. स्लो नेटचा उपाय असा, ज्या मित्राकडे तोच गेम स्टीमवर आहे त्याच्याकडून गेमचं फोल्डर हार्डडिस्कवर कॉपी करून आणा अन् आपल्या स्टीमच्या फोल्डरमध्ये टाकून इन्स्टॉल दाबा, स्टीम आधीच्या फाइली ओळखते अन् कमी असंल तेवढंच उतरवते. गेम मात्र तुमच्या स्वतःच्या खात्यावर विकत घेतलेला पाहिजे.

सवाल : मी गडचिरोली जिल्ह्यात जि. प. शाळेत शिक्षक आहे, स्वतःही थोडाफार खेळतो. जुनी डिस्क घेतली की गेम बनवणाऱ्याला काहीच मिळत नाही ना? मग पायरेटेड घेण्यात अन् जुनी घेण्यात फरक काय राहिला? मनाला खातं.

जवाब : गुरुजी, मिळत नाही हे खरं आहे. जुन्या डिस्कचे पैसे विकणाऱ्याच्या खिशात जातात, बनवणाऱ्यापर्यंत एक रुपया पोहोचत नाही. पण पायरेटेडशी बरोबरी नका करू. त्या डिस्कचे पैसे एकदा दिल्या गेलेत अन् एका वेळी ती एकाच घरी चालते, पायरेटेडच्या हजार कॉपी निघतात अन् एकाचेही पैसे दिलेले नसतात. विकत घेतलेली वस्तू पुढं विकायचा हक्क ही काही आजची गोष्ट नाही, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १९०८ मध्ये एका कादंबरीच्या खटल्यात सांगितलं होतं की प्रकाशकाचा भावावरचा ताबा पहिल्या विक्रीपुरता, त्यापुढं तो अट लादू शकत नाही.

गेम कंपन्यांना हे कधीच आवडलं नाही. २०१० च्या सुमारास ईए नावाच्या गेम कंपनीनं जुनी डिस्क घेणाऱ्याकडून ऑनलाइन खेळायचे वेगळे पैसे घ्यायला सुरुवात केली, २०१३ मध्ये बंद केलं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वन आणताना जुन्या डिस्कवर बंधनं घालायचं जाहीर केलं, लोक इतके भडकले की जूनमध्येच माघार घ्यावी लागली, अन् सोनीनं तोपर्यंत पीएस४ ची डिस्क मित्राला कशी द्यायची याचा व्हिडिओ काढून त्यांची पार टिंगल केली होती. डिस्क नुसती हातातून हातात द्यायची, बस एवढाच व्हिडिओ.

माझं मत विचाराल तर मोठ्या कंपनीचा गेम जुना घ्यायला मनाला काही लावून घेऊ नका. छोट्या टीमचा असंल तर नवा घ्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये राजी नावाचा गेम काढला, आपल्या पुराणातल्या कथा अन् राजस्थानी वास्तूंवर आधारलेला, असल्या गेमच्या प्रत्येक नव्या कॉपीनं त्या टीमला खरंच फरक पडते. असे गेम मोठ्यांपेक्षा कितीतरी स्वस्तही असतात.

सवाल : दिवाळीले नवं मशीन घ्याचं ठरलं. एक्सबॉक्स सिरीज एस स्वस्त पडून रायला, पीएस५ चा डिजिटल पण डिस्कवाल्यापेक्षा कमी आहे. कोणता घेऊ? (आर्णी)

जवाब : दोन्हीत डिस्क टाकायला जागाच नाही. मशीनवर वाचवलेले पैसे पहिल्या काही गेममध्येच निघून जातील कारण जुना गेम तुम्ही कधीच घेऊ शकणार नाही, मित्राचा आणू शकणार नाही अन् आपला विकूही शकणार नाही, अन् पीएस५ चे नवे मोठे गेम पाच हजाराच्या घरात आहेत. आर्णीत घरी चांगलं फायबर असंल तर गोष्ट वेगळी. नसंल तर डिस्कवालाच. पीएस५ च्या नव्या स्लिम डिजिटलला नंतर वेगळा ड्राइव्ह लावता येते, पण लावताना एकदा नेट लागतेच, अन् ड्राइव्हचे पैसे धरले की वाचलं काय? सेकंडहँड पीएस५ घेताना तर समोरच्याला आधी हेच विचारा, की डिस्क टाकायला जागा आहे का.

सवाल : क्रिकेट २२ जुना घ्यावा का क्रिकेट २४? आपल्या इंडियाचे प्लेयर कोणत्यात आहेत?

जवाब : २२ मध्ये टीम इंडियाचं लायसन नाही, नावं-चेहरे दुसरेच दिसतात. २४ मध्ये आयपीएलच्या काही टीम आहेत. पण दोन्हीत अकॅडमी नावाचा प्रकार आहे, तिथं लोकांनी बनवून ठेवलेले हुबेहूब प्लेयर फुकट उतरवता येतात, त्यासाठी नेट लागते पण फार नाही. हे गेम सुरुवातीला घोळ घेऊनच येतात अन् अपडेटनं सुधारतात, त्यामुळं डिस्कवर आहे तसा खेळला तर वैतागाल. खेळाचे गेम दरवर्षी-दोन वर्षांनी नवे येतात अन् आला की जुन्याचा भाव धाडकन पडते, म्हणून घ्यायचा तर नवा आल्यावर मागचा घ्या. फुटबॉलचंही तेच, २०२३ पासून फिफाचं नाव ईए स्पोर्ट्स एफसी झालं, पण गल्लीतल्या चौघांना एकाच टीव्हीवर खेळायला जुना फिफा आजही झकास.

सवाल : अकोटच्या बाजारात द क्रूची डिस्क १५० ला भेटली, डिस्क कोरी करकरीत, पण टाकली तर सर्व्हरशी कनेक्ट होत नाही म्हणते. माझं नेट चालू आहे. डिस्क खराब का?

जवाब : डिस्क चांगली आहे, गेम मेला. २०१४ चा हा गाडीचा गेम एकट्यानं खेळायलाही तो बनवणाऱ्या यूबीसॉफ्ट कंपनीचा सर्व्हर मागायचा अन् तो ३१ मार्च २०२४ ला कायमचा बंद केला. १५० गेले, पण हे कळायला काही जणांना यापेक्षा जास्त लागले. इथून पुढं डब्यावर बारीक अक्षरात इंटरनेट लागतंच असं लिहिलं आहे का ते वाचायचं, अन् गेमचं नाव टाकून सर्व्हर चालू आहे का ते मोबाइलवर शोधायचं, दोन मिनिटं लागतात.

सवाल : आमच्या लहानपणीची टीव्हीवरची कॅसेटवाली गेम, काँट्रावाली, अजूनही यात्रेत भेटते. ९९९९९९ गेम लिहिलेली. लेकराले घेऊ का?

जवाब : घ्या की! त्यात जुनं काय अन् नवं काय. गेम पंधरा-वीसच असतात, तेच फिरून फिरून वेगळ्या नंबरनं येतात, पण नेट नाही, अपडेट नाही, आयडी नाही. ॲडॉप्टर तेवढा बदला, त्याच्यासोबतचा फार तापते.

सवाल : मी मोर्शीचा. माझ्याकडे पीएस४ च्या सहा-सात डिस्क पडून आहेत, खेळून झाल्या. गावात गिऱ्हाईक नाही. कशा विकू?

जवाब : गावात नसंल पण अमरावती-नागपुरात आहे. नागपूरच्या सीताबर्डीत जुन्याचे दुकानदार घेतात पण अर्ध्याहून कमी देतात, त्यांनाही पोट आहे, त्यामुळं आधी सरळ खेळणाऱ्याला विकून पाहा, नाही जमलं तर दुकान. सगळ्या एकत्र विकायचा मोह सोडा, गठ्ठ्यात चांगल्या डिस्कचाही भाव मातीत जाते. ज्याची मागणी टिकून आहे तो गेम वेगळा विका अन् पडेल भावाच्या दोन-तीन एकाच्या सोबत लावून द्या.

फोटो काढताना डब्याचा नाही, डिस्कच्या मागच्या बाजूचा काढा, उजेडात तिरपी धरून. ज्याला घ्यायचं आहे तो तेच पाहते. आतल्या कागदावरचा कोड तुम्ही वापरला असंल तर आधीच सांगा, नंतर भांडण नको. डिस्क कोणत्या देशाची आहे तेही लिहा, दुबईवरून कोणी आणली असंल तर पीएस४ मध्ये ती चालते पण त्या गेमचे नेटवरून घ्यायचे एक्स्ट्रा भाग त्याच प्रदेशाच्या खात्यावर चालतात. पैसे आल्याचा मेसेज नाही, बँकेत खरंच जमा झाले का ते पाहून मगच डबा हातचा सोडा, खोटे स्क्रीनशॉट फार फिरून राहिले. घेणारा जवळचा असंल तर एसटी स्टँडवर भेटा, अन् तो मशीन असलेल्या मित्राच्या घरी चलून लावून पाहू म्हणाला तर जा, नाही म्हणू नका. दूरचा असंल तर पोस्टानं पाठवा, डबा कागदात गुंडाळून खोक्यात, अन् बंद करायच्या आधी डिस्क मधल्या खुंटीत पक्की बसली का ते बोटानं दाबून पाहा, कारण डब्यात सुटी झालेली डिस्क रस्ताभर खुळखुळत गेली की पोहोचेपर्यंत तिच्यावर रेघोट्या पडल्याच, मग तो म्हणंल तुम्ही तशीच पाठवली.